मला डोक्याखाली घेऊ नका

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे, पण डोक्याखाली घ्यायची नव्हे. एवढी साधी गोष्ट माणसांच्या ध्यानात येत नाही, आणि मला तोंड नसल्यामुळे मी वर्षानुवर्षं आतल्या आत धुमसते आहे.

माझा जन्म गाद्यांच्या कारखान्यात झाला. कारागिराने फोमचा घट्ट ठोकळा घेतला आणि तिरका कापला. एक कड जाड, दुसरी निमुळती. वर निळं रेक्झिन चढवलं, म्हणजे ओल्या फडक्याने पुसलं की स्वच्छ. शेजारी गुबगुबीत उशांचा ढीग होता. त्या माझ्या आकाराला हसल्या. मला राग आला नाही. राग यावा अशी माणसं अजून भेटायची होती.

मी रुग्णालयात आले, पुरुषांच्या वॉर्डात. माझं काम सोपं. ज्या रुग्णाला स्वतःहून कूस बदलता येत नाही, त्याला जरा एका अंगावर कलतं करायचं आणि मला पाठीमागे सरकवायचं. मग तो परत उताणा होत नाही आणि माकडहाडावरचा भार उतरतो. दोनेक तासांनी दुसरी कूस. सुरुवातीची वर्षं मोठ्या मानाची गेली. मी जागेवर दिसले नाही की सिस्टर सगळा वॉर्ड पालथा घालायच्या.

मग हळूहळू मी सगळ्यांच्या सवयीची झाले, आणि तिथेच घात झाला. भेटायला आलेले नातेवाईक माझ्यावर बसून डबा खात. दार लागू नये म्हणून मला दारात अडकवत. माझा कोपरा फाटला, तेव्हा कुणीतरी त्यावर जखमेची चिकटपट्टी लावली. रुग्णाला लावतात तीच. म्हटलं, चला, निदान उपचार तरी झाला.

पण माझा खरा अंत पाहिला गेला तो ड्रायव्हरकाकांच्या खाटेवर.

काका आयुष्यभर लांबच्या गावांना बस घेऊन गेले होते. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला आणि बोलणं गेलं. डोळे मात्र लख्ख. वॉर्डात कोण आलं, कोण गेलं, ते सगळं बघत पडलेले असायचे, आरशातून मागची गाडी बघावी तसे.

त्यांच्याजवळ काकू दिवसभर बसून असत. फार जीव होता त्यांचा काकांवर, आणि तोच माझ्या मुळावर आला. सिस्टर काकांना कुशीवर वळवून मला पाठीशी लावून जात. सिस्टरांची पाठ वळली की काकू मला उपसून काढत, काकांना उताणं करत, आणि मला कुठे ठेवत? डोक्याखाली! आधीच्या उशीवर! बिचाऱ्यांची हनुवटी छातीला टेकायची, घशात खरखर व्हायची. काकूंना वाटायचं, आता कसे छान टेकून झोपलेत.

यात भर काकूंच्या भावाची. हे मामा रोज संध्याकाळी येत आणि खुर्ची ओढून सल्ले देत. "ताई, त्यांना सारखं हलवू देऊ नकोस. जन्मभर धावले ते, आता पडू दे स्वस्थ." काकूंना हे पटायचं, कारण त्या हाताला धरून वळवत तेव्हा काका कण्हत. ते कण्हणं त्यांच्या काळजाला चिरत जायचं. सिस्टर रोज समजावत, काकू रोज मान डोलवत, आणि मी रोज डोक्याखाली. मला दात असते तर मी ते त्यांच्यावर खाल्ले असते.

एका सकाळी अंग पुसताना सिस्टरांना काकांच्या माकडहाडावर लाल चट्टा दिसला. त्यांनी बोटाने दाबून पाहिलं. दाबल्यावर लाली जायला हवी होती. गेली नाही. काकू घाबरून तेल लावून चोळायला धावल्या. सिस्टरांनी त्यांचा हात धरला आणि सांगितलं, चोळू नका, आतली कातडी आणखी दुखावेल. इथे भार पडू दिला नाही तर बरं होईल. पडू दिला तर फुटेल, आणि ती जखम महिनोन् महिने भरणार नाही.

काकू रडू लागल्या. म्हणाल्या, मी तर त्यांना एवढासाही त्रास होऊ दिला नाही.

सिस्टर रागावल्या नाहीत. दुपारी वॉर्ड शांत झाल्यावर त्यांनी काकूंना शेजारच्या रिकाम्या खाटेवर उताणं निजायला सांगितलं. अट एकच, हलायचं नाही. काकूंना त्यात काही मोठंसं वाटलं नाही. उलट बऱ्याच दिवसांनी पाठ टेकायला मिळाली. सिस्टर बाकीच्या रुग्णांकडे गेल्या. थोड्या वेळाने काकूंचं नाक खाजलं. हात उचलणार तोच लांबूनच सिस्टरांनी मान हलवली. मग टाचा चुरचुरू लागल्या. मग कंबर. काकूंनी ओठ घट्ट मिटून घेतले. हट्ट त्यांच्याकडेही कमी नव्हता. शेवटी सिस्टर औषधं घेऊन जवळ आल्या आणि त्यांनी सहज काहीतरी विचारलं. उत्तर देता देता काकू कुशीवर वळल्या. वळल्याचं त्यांना कळलंसुद्धा नाही.

कळलं तेव्हा त्या उठून बसल्या आणि काकांकडे बघत राहिल्या. काका सिस्टरांनी मघाशी वळवून ठेवले होते तसेच होते, जराही न हललेले.

"मला दाखवा कसं वळवायचं ते," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात मामा आले, त्या दिवशी जरा लवकरच. मदत करायची म्हणून त्यांनी काकांचा लुळा हात धरून ओढला. काका कण्हले. सिस्टर पुढे झाल्या. "हात सोडा. त्यांना वळल्याने दुखत नाही, खांदा ओढल्याने दुखतं." मामांचं सल्ल्यांचं दुकान त्या दिवसापुरतं बंद झालं. सिस्टरांनी काकांना काय करणार ते आधी सांगितलं, गुडघा दुमडला, एक हात खांद्यामागे, एक कमरेवर, आणि काकूंना बरोबर घेऊन हळूच वळवलं. काका कण्हले नाहीत. पाठीशी मी. गुडघ्यांच्या मध्ये एक साधी उशी, लुळ्या हाताखाली दुसरी. पोटऱ्यांखाली घडी घातलेलं ब्लँकेट, म्हणजे टाचा अधांतरी. चादरीची सुरकुतीसुद्धा काकूंनी ओढून काढली.

त्यानंतर काकूंनी मला एकदाही डोक्याखाली घेतलं नाही. मामा एकदा माझ्यावर बसायला निघाले, तर काकूंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ते उभेच राहिले. काही दिवसांत चट्टा फिका पडला आणि मग दिसेनासा झाला.

डॉक्टर म्हणाले होते, बोलणं हळूहळू परतेल. काकू वाट बघत होत्या. आपलं नाव घेतील, निदान हाक तरी मारतील, अशी त्यांना आस होती. एके दिवशी त्या काकांचे केस विंचरत होत्या. काकांनी तोंड वाकडंतिकडं केलं, जोर लावला आणि शब्द बाहेर आला.

"टाच."

काकूंनी खाली पाहिलं. ब्लँकेट सरकलं होतं, टाच गादीला टेकली होती. इतक्या दिवसांतला पहिला शब्द, आणि तोही तक्रारीचा! काकू हसल्या, मग त्यांचे डोळे भरून आले. पण आधी त्यांनी टाच उचलली.

काका घरी गेले. त्यांच्यासाठी माझ्यासारखीच एक नवी उशी आणली गेली. तिचं नशीब चांगलं, तिला शहाणी माणसं मिळाली. मी इथेच आहे, आणि खाटेवर नवीन रुग्ण आहेत. त्यांचे नातेवाईकही नवीन आहेत, म्हणजे सगळं पहिल्यापासून.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलं, तर फळं न्या, फुलं न्या, माझी हरकत नाही. पण बसून गप्पा मारण्याआधी पायाकडचं पांघरूण वर करा आणि टाच टेकलेली नाही ना, ते बघा. ज्याला हलता येत नाही, त्याला बहुतेक वेळा सांगताही येत नसतं.