काकांकडे दिलेली टिंगटिंग

आमच्या ऑफिसात औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं छपाईआधी तपासतात. तपासणारी मी. आणि माझा संगणक महाबडबड्या. साहेबांची विचारणा, छपाईवाल्याची घाई, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक; आली टिंग, की पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात चौकट हजर.

त्या दिवशी ताई बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. पहिलीच वेळ, त्यात अडलेली. भाऊजींचा निरोप असेल म्हणून मी प्रत्येक टिंगला दचकत होते. समोर तान्ह्या बाळांच्या तापाच्या औषधाचं लेबल, आणि ते आजच छपाईला जायचं.

शेजारच्या टेबलावरच्या काकांना सगळे खडूस म्हणतात. मीही. ते उठून आले.

"ही टिंगटिंग मला दे."

"म्हणजे?"

"निरोप सगळे माझ्या पडद्यावर वळव. फोनही आण इकडे. भाऊजींचं काही आलं की खांद्याला हात लावीन. बाकीच्यांना मी बघतो."

मला रागच आला. माझे निरोप वाचणारे हे कोण? पण डोकं इतकं भणभणलं होतं, की निरोप वळवले आणि फोनही दिला.

शांत झालं. मी लेबल पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. खालच्या कोपऱ्याशी आले आणि तिथली ओळ दोनदा वाचली. मात्रा पंचवीस मिली! हवी होती अडीच. मधलं टिंबच गळालं होतं. सकाळी नेमकी त्याच ओळीवर चौकट उघडत होती. ती मिटवता मिटवता ओळ वाचलीच आहे असं धरून मी पुढे गेले होते. बरोबरची खूणही माझीच.

"काका, हे बघा," मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

त्यांनी पाहिलं. ओरडले नाहीत. "सापडलं ना? दुरुस्त कर आणि उरलेलं वाच."

शेवटची ओळ संपवून जरा टेकले, आणि थोड्या वेळाने खांद्यावर हात आला.

"मुलगी झाली. दोघी सुखरूप. आणि साहेबांना तुझ्या नावाने सारखं 'होतंय, होतंय' कळवलंय."

"काका, तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार बिपकार राहू दे. मावशी झालीस, पळ आता!"

दवाखान्यात भाचीला मांडीवर घेतलं. ओठ एवढेसे. नर्सने चमच्याने दूध पाजलं. अर्धा चमचासुद्धा नव्हतं, तरी हनुवटीवरून ओघळलं. ते पुसताना मला पंचवीस मिली दिसले, आणि कुणाचं तरी असंच एवढंसं तोंड. मनातल्या मनात मी त्या खडूस माणसाला हात जोडले आणि ढसाढसा रडले.

घरच्यांना वाटलं, मावशीला आनंद आवरत नाहीये.