व्हर्नेटाची घडीची खुर्ची

या मित्रांनो, बसा. माझ्यावर मात्र जरा जपून, कारण माझा एक पाय लोखंडी नळीचा आहे. मी एक जुनी घडीची खुर्ची. ओक्लाहोमातल्या एका लहानशा चर्चच्या तळघरात भिंतीला टेकून असते.

माझी सुरुवात झाली ती अंत्यविधीचं सामान भाड्यानं देणाऱ्याच्या दुकानात. तिथं माझ्यावर फक्त रडणारी माणसं बसली. मग टॉलिव्हर नावाच्या बँडमास्तरनं मला विकत घेतलं. त्याच्या बँडमध्ये वादक डझनभर आणि गाणारी एकच, व्हर्नेटा. त्या काळच्या बँडची रीतच अशी, की गाणारीनं मंचाच्या कडेला मांडीवर हात ठेवून हसत बसायचं आणि मध्येच उठून एक कडवं गाऊन पुन्हा बसायचं. ती बसायची ती खुर्ची मी.

"जपून बैस गं," ड्रमवाला ओडी म्हणायचा, "तिला रडक्या बायांची सवय आहे."

"मग आज तिला सुट्टी!" व्हर्नेटा म्हणायची.

ती चर्चमध्ये गायला शिकलेली. मंचावर जाण्याआधी माझी पाठ धरून, डोळे मिटून प्रार्थना पुटपुटल्याशिवाय तिनं कधी तोंड उघडलं नाही. तिचा धाकटा भाऊ लेम्युएल त्याच बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा. त्याच्या ओठांवर देवानं हात ठेवलाय, असं सगळे म्हणत.

नाचघरांत मारामाऱ्या नेहमीच्याच. बाटल्या फुटायच्या, सुरे निघायचे. टॉलिव्हरचा नियम एकच. "भांडण दिसलं की आणखी जोरात वाजवायचं. आणि पोरी, तू हसत गायचंस. गाणं थांबलं तर अख्खा हॉल भांडणात उतरेल."

व्हर्नेटानं तो नियम पाळला. एकदा एका माणसाचं पोट फाडलं गेलं. रक्त मंचावर माझ्या पायांपर्यंत उडालं, तरी ती गात राहिली आणि नाचणाऱ्यांना काही कळलंसुद्धा नाही. "ही गायला लागली की रक्त दिसत नाही," असं हॉलचे मालक कौतुकानं सांगत. पाटीवर तिचं नाव टॉलिव्हरच्या नावाएवढं मोठं झालं. मलाही नवं व्हार्निश मिळालं.

मग टेक्सासमधल्या एका तेलाच्या गावात चार जुलैचा, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा नाच आला. भर दुपारची वेळ, जत्रेचा मांडव. नाचणारे सगळे गोरे आणि वाजवणारे सगळे काळे. मध्यंतरात लेम्युएल पाणी प्यायला गेला. तिथं दोन नळ होते, एक गोऱ्यांसाठी, एक काळ्यांसाठी. आमच्या माणसांचा कोरडा पडलेला. तो दुसऱ्या नळाचं पाणी प्यायला.

तिघा गोऱ्यांनी त्याला कॉलर धरून मंचापुढं फरफटत आणलं.

"फार तहान लागली होती का रे?" असं म्हणत एकानं त्याच्या पोटात लाथ घातली.

टॉलिव्हरचा चेहरा राखेसारखा झाला. "वाजवा," तो पुटपुटला. "जोरात. नाहीतर आपण सगळेच मरू."

बँड गरजला. व्हर्नेटा उठली आणि गाऊ लागली. हसतसुद्धा होती. मांडवभर जोड्या गिरक्या घेत होत्या आणि तिच्या पायांशी लाथा बसत होत्या. हाड मोडल्याचा आवाज लाकडाला बरोबर कळतो. लेम्युएल डोकं झाकत नव्हता, तोंड झाकत होता. एकानं त्याचे हात बुटाखाली दाबले. दुसऱ्यानं पाय मागं नेला.

लाथ ओठांवर बसली. दात उडून माझ्यापाशी येऊन पडले. व्हर्नेटाचं कडवं अर्ध्यावरच तुटलं.

"गा!" टॉलिव्हर ओरडला.

ती वळली, मला उचललं आणि खाली उडी मारली. मी त्या लाथ मारणाऱ्याच्या खांद्यावर आदळले. त्याचं हाड मोडलं, माझा पाय मोडला. मला त्याचा अभिमान नाही, मित्रांनो. मी बसण्यासाठी घडवलेली वस्तू.

एकेक वाद्य गप्प झालं. आणि मग गाण्याखाली इतका वेळ झाकलेलं सगळ्या मांडवाला ऐकू आलं. रक्तानं गुदमरलेला एक पोरगा श्वासासाठी धडपडत होता.

"अरे, जीव घेता की काय पोराचा?" गर्दीतली एक गोरी बाई किंचाळली. "माझी लेकरं बघतायत!"

तिसऱ्यानं उचललेला पाय तेवढ्यापुरता थबकला. तेवढ्यात ओडीनं लेम्युएलला खांद्यावर टाकलं. आमच्या बसवर दगडांचा पाऊस पडला. एक काच शिल्लक राहिली नाही, ओडीचा एक डोळा गेला. पण जिवंत सगळे सुटले.

पुढच्या गावी टॉलिव्हरनं बहीणभावांना उतरवलं आणि मलाही त्यांच्यामागं फेकलं. "मोडक्या वस्तू मी बाळगत नाही!"

त्यानंतर व्हर्नेटाला कुठल्याही बँडनं दारात उभं केलं नाही. गाणं मध्येच सोडणारी बाई, असं तिचं नाव झालं. लेम्युएलची जखम भरली, पण ट्रंपेटमधून सूर काही निघेना. त्यानं जुन्या पलंगाची नळी कापून माझा पाय जोडला. "आपण दोघं सांधलेले," एवढंच तो मला म्हणाला.

व्हर्नेटा मग आयुष्यभर याच चर्चमध्ये गायली, माझ्या शेजारी उभी राहून. ऐन भजनात कुणी अडखळून पडलं, एखादं मूल रडलं, की ती गाणं थांबवायची, जाऊन बघून यायची आणि त्याच शब्दापासून पुन्हा उचलायची. एकदा नवे पाद्री वैतागले. "अहो भगिनी, देवाचं गाणं असं अर्ध्यावर सोडू नये."

"देव थांबतो, पाद्रीबाबा," ती हळूच म्हणाली. "मी एकदा उशिरा थांबले होते."

आता ती नाही. तळघर रिकामं करायचं चाललंय. मोडकी खुर्ची कुणाला हवी? मित्रांनो, मोडकी वस्तू फेकण्याआधी ती कशी मोडली, एवढं तरी विचारा. आणि गाणं मनापासून गा, पण कान उघडे ठेवून. शेजारी कुणी मार खात असेल तर थांबा. सूर पुन्हा लागतो. लेम्युएलचा ओठ ट्रंपेटला पुन्हा लागला नाही.