रोटाचा एक तुकडा

अभिमनचा हिशेब चोख होता. एम.फिल.चा प्रबंध मेअखेर गेला, की जूनपासून चाळीसगावच्या कॉलेजात नेमणूक. नेमणूक लागली, की मुलींचे बाप आपोआप ओसरीवर. १९९४ साली मराठी शिकलेल्या पोराने आणखी काय मागावं? खर्चाच्या बाजूला फक्त एक गाव होतं, आणि तिथे तो गेलाच नव्हता.

विषय होता खानदेशातल्या कानबाई देवीचा उत्सव. श्रावणात भडगावकडच्या एका खेड्यात राहून तो पाहायचा होता. अभिमनने जुने लेख चाळले, त्या खेड्यातल्या, बाजारात भेटलेल्या धुरपदाबाईंचं नाव-गाव विचारून घेतलं आणि त्यांची मुलाखत घरीच, पंख्याखाली बसून ‘घेतली’.

धुळ्याला मार्गदर्शक प्रमिलाबाई सहीसाठी पेन उघडून पानं उलटत होत्या. एका पानावर हात थांबला.

“‘धुरपदाबाईंनी मला आग्रहाने देवीच्या प्रसादाचा रोट वाढला.’ तुम्ही त्यांचे भाऊबंद का?”

“नाही बाई. पाहुणा म्हणून.”

“कानबाईचा रोट भाऊबंदांबाहेर कोणाला देत नाहीत. तुमच्या घरी कानबाई बसत नाही वाटतं?”

“ती ओळ खोडतो, बाई.”

“खोडा. बाकीची मुलाखत कुठे घेतली, तेही सांगा.”

अभिमन हळूच म्हणाला, “शनिवारी मुदत संपते, बाई. आणि धुरपदाबाई थोड्याच वाचणार आहेत?”

“त्यांचा नातू वाचेल, भाऊबंद वाचतील. म्हणतील, म्हातारीने देवीचा रोट परक्याला घातला. ती शपथ घेऊन सांगेल, हा पोरगा माझ्या दारात आलाच नाही. तुमच्या बांधीव प्रबंधापुढे तिचं कोण ऐकणार?” त्यांनी प्रबंध पुढे सरकवला. “सही करते. आधी हे पान तिच्यासमोर वाचून या.”

अभिमनने प्रबंध उचलला. दारापर्यंत जाऊन वळला. “सही नको, बाई. श्रावणात जातो.”

जूनमध्ये नेमणूक त्याच्याबरोबर शिकणाऱ्या रुपचंदला मिळाली. श्रावणात अभिमन धुरपदाबाईंच्या ओट्यावर बसला. आत पंगत बसली, तेव्हा त्या बाहेर येऊन म्हणाल्या, “भाऊ, रोट तुले नही भेटाव. चहा ले, आन लिख.” त्याने तेही लिहून घेतलं.

वाचकहो, घरबसल्या रचलेल्या मुलाखतीची पदवी आपल्याला मिळते आणि जाब भलत्यालाच द्यावा लागतो. संशोधन शिकणाऱ्याने दुसऱ्याचं नाव वापरण्याआधी त्याच्या दारात जावं. अभिमनचं एक वर्ष गेलं, नोकरी गेली. धुरपदाबाईंना मात्र काहीच भरावं लागलं नाही.