पूनमचा प्रश्न

पूनम खांबाकडं झेपावली तेव्हा तिचा बाप बिरुदेव मैदानाच्या कडेला उकिडवा बसला होता. लेकीचा खो-खो बघायला तो सांगोल्याकडच्या वस्तीवरून पहिल्यांदाच सोलापुरात आला होता. मेंढरं भावाच्या, ज्ञानबाच्या हवाली केलेली. खेळातलं त्याला फार कळत नव्हतं. पुढची पोरगी निसटली, पूनमचं डोकं लाकडी खांबावर आदळलं आणि ती जागीच कोसळली, एवढं मात्र त्यानं बघितलं.

माणसं धावली. कुणी पाणी आणलं, कुणी कांदा मागितला.

"हलवू नका तिला! पाणी नको!" तिचे प्रशिक्षक सतीश सर ओरडले आणि दोन्ही हातांनी तिची मान स्थिर धरून बसले. छाती हलत होती, पण डोळे मिटलेले. दीड मिनिट, असं सरांनी नंतर सांगितलं. बिरुदेवाला ते खरं वाटलं नाही.

मग तिनं डोळे उघडले. "आबा, तुमी हितं कसं?" आणि इकडंतिकडं बघत, "आई कुटं हाय?"

चिमाबाईला जाऊन चौदा महिने झाले होते. कावीळ झाली आणि आठवड्यात खेळ संपला. पूनम तेव्हा वसतिगृहात होती. तिला सांगायचं बळ बिरुदेवात नव्हतं, म्हणून त्यानं ज्ञानबाला धाडलं होतं. पुढंही घरात विषय निघाला की तो उठून मेंढरांकडं जायचा. चिमा गेली, हे शब्द त्याच्या तोंडून आजवर कधी निघालेच नव्हते.

ॲम्ब्युलन्समध्ये तिनं परत विचारलं.

"न्हाय आता, बाय," तो कसाबसा म्हणाला. "गेली आई."

"कधी? मला कुणीच कसं सांगितलं न्हाय?" पूनम हमसून हमसून रडली. मग शांत झाली, वर बघत पडली, आणि आत्ताच आठवल्यागत म्हणाली, "आबा, आई कुटं हाय?"

त्यानं पुन्हा सांगितलं. ती पुन्हा तशीच रडली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याचा धीर सुटला. "येतीया मागनं," तो म्हणाला आणि खिडकीकडं तोंड केलं.

दवाखान्यात स्कॅन झाला. डॉक्टर धम्मप्रिया बनसोडे त्याला बाकावर घेऊन बसल्या.

"मामा, आत रक्तस्राव नाही. पण जोराचा मार बसला की मेंदू कवटीत हिंदकळतो. थोडा वेळ शुद्ध जाते. नवं ऐकलेलं टिकत नाही, मागचंही पुसट होतं. बहुतेकांचं परत येतं. आज रात्र इथंच ठेवू, लक्ष ठेवायला हवं."

"म्या तिला दोनदा सांगितलं. मग खोटं बोललो."

"तिच्यासाठी ते दर वेळी नवंच होतं. तुम्ही चुकला नाहीत. आठवेल तेव्हा फक्त जवळ असा."

दिवे लागायच्या सुमारास पूनमनं त्याच्याकडं बघितलं. या वेळी नजर ओळखीची होती.

"आई न्हाय की, आबा."

"व्हय," बिरुदेव म्हणाला, आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा रडला. सुई लावलेला हात पूनमनं त्याच्या पागोट्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली. काही दिवस मोबाईल नको, वाचन बेताचं, आणि डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत मैदान बंद. आठवड्यावर राज्य संघाची निवड चाचणी होती.

"मला बरं हाय, जाऊ द्या," ती चौथ्या दिवशी म्हणाली. पण दारातून ऊन आत आलं तशी तिनं डोळ्यांवर हात धरला.

"हे बरं व्हय?" त्यानं विचारलं. "न भरलेल्या डोक्यावर दुसरा मार बसला तर जिवावर बेततंय, म्हणल्यात डॉक्टर. न्हाय जायचं."

ती भिंतीकडं तोंड करून पडली. निवडीची तारीख गेली. त्या दिवशी ती जेवली नाही आणि त्यानंही ताट सरकवून ठेवलं.

दुपारी अंधाऱ्या खोलीत तिनं कूस बदलली. "पडून पडून कटाळा आला, आबा. आईचं कायतरी सांगा की."

मेंढरांना पाणी दाखवायची वेळ झाली होती. बिरुदेव उठला, ज्ञानबाला हाक मारून तेवढं बघायला सांगितलं, आणि परत येऊन तिच्या उशाशी मांडी घालून बसला.

"तुझी आई लगीन होऊन आली," तो म्हणाला, "तवा मेंढराला लई भ्यायची."

"आई? भ्यायची?" पूनम हसली, आणि डोकं ठणकलं म्हणून उशीवर हळूच टेकली. "मग?"

तो सांगत राहिला.