एक बाजू मारामारीची

मी चंदूच्या इंग्रजी गाण्यांची कॅसेट बोलतेय. मध्येच माझा आवाज घोगरा होईल, एखादा शब्द लांबेल. माझी फीत चुरगळली आहे. ती कशी चुरगळली, तेच सांगायचं आहे.

जन्मले तेव्हा मी कोरी होते. घाटकोपर स्टेशनबाहेरच्या रेकॉर्डिंगवाल्याकडे चंदूने मला घेतलं आणि आपल्या पसंतीची गाणी भरून घेतली. "ए साइडला सगळं रॉक टाक, बी साइडला पॉप," तो म्हणाला. "एक बाजू मारामारीची, एक मलमपट्टीची. झकास!"

चंद्रप्रकाश हे त्याचं शाळेतलं नाव. तो विक्रोळीच्या एका कारखान्यात कामाला होता. वडील धोंडू गिरणीतले. संपात नोकरी गेली ती गेलीच. आई सुगंधा. चाळीत एक खोली. आठवडाभर तिथे भांडी आदळायची, पण रविवारी सकाळी टू-इन-वनचं बटण दाबलं की ती खोली माझी.

माझं पहिलं गाणं करवतीने पत्रा कापावा तसं सुरू व्हायचं. गाणाऱ्याचा घसा फाटलेला. चंदूला तेच सर्वांत आवडायचं. "आपल्याला सुपरवायझरसमोर ओरडता येत नाही ना," तो म्हणायचा, "हा आपल्या वाटचं ओरडतो." दुसऱ्या गाण्यात नुसते ड्रम बडवलेले. धोंडूला इंग्रजी ओ की ठो कळत नसे, पण त्या ड्रमवर त्याची बोटं मांडीवर चालायची. "आमचे साचे असेच चलायचे," तो एकदा म्हणाला. गिरणीतले माग आठवले होते त्याला.

सुगंधेला हसू यायचं ते पहिल्या गाण्याचं. त्यात गाणारा सारखा 'या, या' ओरडायचा. इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता 'हो'. ती कांदा चिरता चिरता म्हणायची, "कोणाक बोलावता रे ह्यो? दारात कुत्रोय नाय, नि आपलो 'या, या' करता!"

"बोलावू दे ना गं! तुझ्या चुलीवर मटण आहे, कोणीतरी येईलच."

मला स्वतःला मात्र बी साइडचं शेवटचं गाणं प्रिय. नुसता पियानो आणि थकलेला आवाज. गाणारा श्वास घेतो, तोही ऐकू येतो. ते लागलं की चंदू आवाज बारीक करून कान जवळ आणायचा.

कारखान्यात दोन युनियन होत्या. चंदूने जुनी सोडून नवीचा झेंडा धरला. गेटवर धक्काबुक्की झाली. एकदा तो फुटलेल्या ओठाने घरी आला, एकदा शर्टाची बाही फाटून. धोंडूने त्याला थोबाडीत मारली. "झेंड्यापायी मी सगळा घालवलंय. तू धरू नको!"

"बाबा, तुम्ही हरलात म्हणून आम्ही लढायचंच नाही?"

त्यानंतरचा रविवार. धोंडू बाजारात गेला होता. चंदू मोरीत दाढी करत होता. पहिलं गाणं मोठ्याने लावलेलं. दारावर थाप पडली. गाणाऱ्याने 'या, या' म्हटलं, तसं सुगंधेने हसत त्याच्या सुरात सूर मिसळला, "या, या!" आणि कडी काढली.

जुन्या युनियनचे तिघे आत शिरले. एकाने मुठीला सायकलची चेन गुंडाळली होती, दुसऱ्याच्या हातात सळई. पहिला फटका चंदूच्या खांद्यावर बसला. त्याने स्टूल उचलून एकाच्या तोंडावर हाणलं. तो खाली बसला, पण चेन चंदूच्या गळ्यात पडली. सळई गुडघ्यावर, मग बरगड्यांवर. सुगंधा मध्ये पडली तर तिला भिंतीवर भिरकावलं. साबणाचा फेस लाल झाला. चंदू ओरडत होता, आई ओरडत होती, आणि माझा तो फाटक्या घशाचा माणूस त्या दोघांहून वर ओरडत होता. शेवटी चंदूचं डोकं मोरीच्या कट्ट्यावर आपटलं. ते गेले.

गाणं संपलं तेव्हा नुसता आईचा आवाज उरला. तेव्हा कुठे शेजारची दारं उघडली.

"आमका वाटला, चंदूचा गाणाच चललाहा," शेजारची शेवंती रडत म्हणाली. चंदू इस्पितळात पोचायच्या आधीच गेला होता.

तेरावं झालं. धोंडूने मला टू-इन-वनमधून ओढून काढलं, जमिनीवर ठेवलं आणि वरवंटा उचलला. "ह्याच्या बोंबलण्यात माझ्या झिलाची, चंदूची बोंब कोणाक ऐकाक इली नाय!" एक घाव बसला. माझं अंग तडकलं, फीत बाहेर सांडली. दुसऱ्यासाठी त्याने हात उचलला आणि सुगंधेने माझ्यावर आपला पंजा ठेवला.

"तिका मारू नकात. त्येंका 'या' म्हटलंय ता मी. दार मी उघडलंय."

हे तिने पोलिसांनाही सांगितलं नव्हतं. वरवंटा तिच्या बोटांच्या वर अधांतरी राहिला. मला वाटलं, आता तो तिच्यावरच पडेल.

धोंडूने तो बाजूला ठेवला.

"दारात इलेल्याक आणि काय म्हणतत गो?" तो म्हणाला. "तुझ्या आयेन ताच शिकवल्यान. माझ्या आयेनय."

मग दोघांनी मिळून माझी फीत वाटीत गोळा केली. पेन्सिलीने ती गुंडाळायला त्यांना दुपार लागली. चंदू हे चुटकीसरशी करायचा.

आता मी त्यांच्याकडेच आहे. तडकलेल्या जागी चिकटपट्टी आहे. कधी ते बी साइड लावतात, अगदी हळू. त्या शेवटच्या गाण्यात गाणारा श्वास घेतो, तेव्हा सुगंधा मान वर करते. ए साइड कोणी लावत नाही. त्या बाजूवर माझा राग नाही. तिनेच तर चंदूला ओरडायला दिलं होतं.

तुमच्याकडे एकच मागणं. शेजारी कधी मोठ्याने गाणं लागलं, तर खिडकी लावून घेऊ नका. उठा, जा, दार वाजवा. गाणं आवडलं नसेल, तर भांडायला म्हणून तरी जा.