पोचट दाणा

शांतीबाईंनी सूप इतक्या जोरात आपटलं, की पाखडलेलं धान पुन्हा मातीत मिसळलं.

"पाळून राहिली तू त्याले?"

भूमेश्वरीने मोबाइल खाली घेतला. ती हैदराबादला ज्या प्रयोगशाळेत काम करत होती, तिथलं काचेचं भांडं फोटोत होतं, त्यात गढूळ पाणी. हे रक्ताच्या हगवणीचे जंतू, यांना रोज खायला घालावं लागतं, असं ती आईला हौसेने सांगून बसली होती.

शेजारची शामकला कुंपणावरून हसली. "आम्ही कोंबड्या पाळतो, वो. शांतीबाईची पोरगी हगवण पाळते!"

"तू चूप राह्य."

शांतीबाईंचा आवाज एरवी ओसरीबाहेर जात नसे. शामकला मागे सरकली.

शांतीबाईंचा चार वर्षांचा ओमेश्वर त्याच हगवणीने देवरीच्या दवाखान्याच्या वाटेवरच दगावला होता. तेव्हापासून मुंग्यांना साखर घातल्याशिवाय शांतीबाई तोंडात पाणी घेत नसत.

"मुंगीले घातलं तं पुण्य लागते. त्याले कायले घालतं? तुझा भाऊ खाल्ला त्यानं! माझ्या चुलीले हात लावू नको आता."

"मी काऊन गेली तिथं, माय? मले त्याची माया आहे?"

भूमेश्वरी खाली बसली. मातीतून एक पोचट दाणा उचलून तिने आईपुढे धरला.

"पाह्य हे. वरून धान, आत काही नाही. जंतूच्या अंगावरून असेच पोचट फुगे गळतात. आम्ही त्याची घडण बदलवली, म्हणून बहुत गळतात. त्या फुग्यांचीच लस. फुग्यात जीव नाही, पण लेकराच्या अंगाले दुश्मनाची ओळख पटते. बनवाले सोपी, म्हणून स्वस्त. गावोगाव पुरंल."

"कधी?"

"चाचण्या होऊन राहिल्या. वर्षं लागतील."

शांतीबाईंनी तो दाणा घेतला आणि नखाखाली चिरडला. त्याचा भुगा झाला, तरी बोट थांबलं नाही.

"चूल पेटव," त्या म्हणाल्या. "सकाळपासून उपाशी आहे तू."

भूमेश्वरी उठली. मागून आवाज आला. हळू, पण दात आवळून.

"आन त्याले उपाशी ठेवू नको. पोटभर घाल."

ती उंबऱ्यात थबकली.

शांतीबाई मातीतलं धान पुन्हा सुपात भरत होत्या.

"राबव त्याले."