भीमाप्पांच्या चटणीचा नमुना

मी एक जुनी काचेची बाटली आहे. रुंद तोंड, काळं झाकण आणि बुडाशी काचेत अडकलेला हवेचा एक बुडबुडा, एवढीच माझी ओळख. मित्रांनो, आपली गोष्ट जन्मापासून सांगायची रीत आहे. मी मात्र एप्रिलमधल्या एका शनिवारपासून सुरुवात करते, कारण त्या दिवसापर्यंत सगळं नेहमीसारखं होतं.

साल २००७. शिरोलीतल्या एका मसाल्याच्या कारखान्यासमोर भीमाप्पांनी आपली एम-एटी गाडी उभी केली. कोल्हापुरात त्यांचा डंक होता. डंक म्हणजे मिरच्या कांडायचं यंत्र. उन्हाळ्यात बायका वर्षाची चटणी तिथं कांडून नेतात. भीमाप्पांच्या रुमालात गुंडाळलेली मी होते आणि माझ्यात त्यांच्या घरची, नुकतीच कांडलेली कांदा-लसूण चटणी होती. त्यांची मुलगी दानेश्वरी त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. ती फाटकापर्यंत आली.

"दानव्वा, यंदा ब्याडगी मिरची झ्याक मिळाली," ते म्हणाले. "बघ, कशी झालीया."

"सोमवारी तपासायला लावते ओव्हनला."

"ओव्हनला लाव की. पर आधी जिभेला लाव."

"अप्पा, ड्युटीवर हाय मी."

"व्हय बाई, सायब हाईस तू," असं म्हणून ते हसले, गाडीला किक मारली आणि गेले. दानेश्वरीने माझ्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवली आणि मला टेबलावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी डंकावर गर्दी असतानाच भीमाप्पांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले होते.

आता मागचं सांगते. माझा जन्म भट्टीत झाला. वाळू, सोडा, चुना आणि फुटक्या बाटल्यांचा चुरा एकत्र वितळवून मला साच्यात फुंकलं. बुडबुड्यामुळे मी खरं तर बाजूला काढायच्या लायकीची होते, पण कुणाच्या ध्यानात आलं नाही. पेंढ्यात बांधून मला कोल्हापुरात पाठवलं आणि मी मसाल्याच्या कारखान्यात लागले. तिथं प्रत्येक नव्या मालातला थोडासा भाग बाटलीत भरून वर्षभर फळीवर ठेवतात. पुढं गिऱ्हाइकाची तक्रार आली, तर तीच बाटली उघडून तपासतात. म्हणजे आमचं काम बोलण्याचं नाही, थांबण्याचं.

दानेश्वरी कामावर आली ती १९९८ साली. अन्नतंत्राची पदविका नुकतीच हातात आली होती. पांढरा कोट तिला खांद्यात सैल व्हायचा. तिच्या वरिष्ठ तमन्ना मॅडम. त्यांनी पहिल्याच दिवशी तिला हळदीचा एक नमुना दिला आणि विचारलं, "कशी आहे?"

दानेश्वरीने वास घेतला. "चांगली आहे, मॅडम."

"चांगली म्हणजे किती?"

तिने पुन्हा वास घेतला.

"हे बघ, दानेश्वरी. चांगलं, वाईट हे गिऱ्हाईक म्हणतं. आपण ओलावा किती, मीठ किती, खडा आहे का, एवढंच सांगायचं. हे शब्द उंबऱ्याबाहेर ठेवून येत जा."

तमन्ना मॅडम कडक होत्या, पण शिकवण्यात त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. नमुना तोलायचा, ओव्हनमध्ये वाळवायचा, पुन्हा तोलायचा. जेवढं वजन घटलं तेवढा ओलावा. पहिल्या काही महिन्यांत दानेश्वरीने दोन काचनळ्या फोडल्या आणि एकदा बोट भाजून घेतलं. नोकरी टिकते की नाही, या धास्तीने ती प्रत्येक वजन पुन्हा पुन्हा करायची. हळूहळू तिचा हात बसला.

सरावासाठी घरचा एखादा नमुना आण, असं मॅडमनी सांगितलं, तेव्हा ती मला घरी घेऊन गेली. भीमाप्पांनी मला हातात घेऊन उजेडात फिरवलं, नळाखाली राखेने घासघासून धुतलं आणि न पुसता तसंच चटणीने भरलं. माझ्या बुडाशी पाणी होतं. मला कळत होतं, पण सांगता येत नव्हतं.

ओलावा फार निघाला. "अप्पा, चटणी नापास," तिने घरी येऊन सांगितलं. "कांदा नीट वाळला न्हाई तुमचा."

भीमाप्पांचा चेहरा उतरला. डंकावर बायकांना कांदा कसा वाळवायचा हे तेच सांगायचे. दुसऱ्या दिवशी तमन्ना मॅडमनी विचारलं, "बाटली कोरडी होती का?" दानेश्वरीने घरी येऊन तोच प्रश्न केला.

"धुतली की चांगली," भीमाप्पा म्हणाले. "औषधाच्या खोलीतनं आलेली बाटली. तशीच भरू व्हय त्यात खायाचं?"

दानेश्वरी हसून हसून खाली बसली. मग मला पुसून, उन्हात ठेवून पुन्हा भरलं. या वेळी ओलावा नऊ टक्के निघाला.

"पास हाय, अप्पा."

"पास हाय ते कळलं. पर कशी हाय?"

"नऊ टक्के. मीठ बी बरोबर हाय."

भीमाप्पांनी मान हलवली. डंकाच्या भिंतीवर त्यांनी खडूने लिहिलं : 'आमच्या घरची चटणी : ओलावा ९'. शालूबाई नावाची त्यांची जुनी गिऱ्हाईक ते वाचून म्हणाली, "भीमाप्पा, भाकरीला टक्के लावून खाता व्हय तुमी?"

"पोरगी तपासत्या माझी. यंत्रावर."

"यंत्र तपासू दे. पोरीला आवडली का?"

"सांगंल की कधीतरी," भीमाप्पा म्हणाले आणि त्यांनी डंकाचा पट्टा सुरू केला.

मग दर उन्हाळ्यात हेच चाललं. ते मला डंकाच्या पत्र्यावर उन्हात वाळवून भरायचे, ती तपासायची. "कशी झालीया?" या प्रश्नाला तिचं उत्तर आकड्यातच यायचं. चटणी ती रोज खायची, ताट बोटाने पुसून खायची. भीमाप्पा ते बघायचे. पण बघणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. तिला वाटायचं, आपण जे शिकलो ते अप्पांना द्यावं. आकडा हीच तिच्या लेखी सगळ्यात मोठी शाबासकी होती.

भीमाप्पा गेल्यानंतर ती कामावर परतली, तेव्हा मी टेबलावर होते तिथंच होते. तिने मला ओव्हनकडे नेलं नाही. फळीवर, मागच्या रांगेत ठेवून दिलं. वर्ष गेलं. प्लॅस्टिकच्या नव्या बरण्या आल्या, आमच्यावर धूळ बसली. एक दिवस जुन्या काचा भंगाराच्या टोपलीत जमा झाल्या, त्यांत चटणीने भरलेली मीही होते. दानेश्वरी जाता जाता थांबली, वाकली आणि मला उचलून पिशवीत घातलं.

मित्रांनो, आम्हा बाटल्यांकडून तुम्हाला एकच विनंती आहे. आम्हाला धुतलंत तर कोरडं करून मगच भरा. आणि भरून ठेवलेलं वेळेवर उघडा. आम्ही वाट बघू शकतो, भरणारा बघू शकेलच असं नाही.

त्या संध्याकाळी घरात कुणी नव्हतं. तिची अव्वा, म्हणजे आई, बसम्मा देवळात गेली होती. दानेश्वरीने भाकरी केली. माझं झाकण घट्ट बसलं होतं, ते फडक्याने धरून उघडलं. चटणीचा रंग थोडा उतरला होता, पण वास होता. तिने तोलली नाही. भाकरीवर चमचाभर घेतली, वर तेल सोडलं आणि जमिनीवर बसून सगळी भाकरी खाल्ली.

मग ती मोठ्याने म्हणाली, "अप्पा, चटणी लई चांगली झालीया. दरवर्षीच व्हायची."